तीन उकळ्या

माझ्या साडूंनी आयुष्यात कुठलीही पातळ गोष्ट न उकळता तोंडात घातलेली नाही. दूध आणि पाणी कोणीही उकळतं. साडू बाटलीबंद पाणी विकत आणून उकळतात, गार करतात आणि पुन्हा त्याच बाटलीत भरतात. शहाळ्यापाशी त्यांची पंचाईत झाली, कारण उकळायचं तर ते आधी फोडावं लागतं आणि फोडलं की त्यात हवा जाते. शेवटी त्यांनी शहाळं सोडलं. एकदा शेजारच्या आजींनी त्र्यंबकेश्वरहून तीर्थ आणून दिलं. साडूंनी ते आजींसमोर डोळ्यांना लावलं आणि आजी जिना उतरल्यावर पातेल्यात ओतून त्याला तीन उकळ्या आणल्या. त्यांची बायको, म्हणजे माझ्या बायकोची थोरली बहीण, जिला मीही ताईच म्हणतो, ओट्याशी गवार निवडत होती. ती मान वर न करता म्हणाली, "देव वाफेबरोबर गेला असेल आता. उरलंय ते पाणी प्या." साडू ते गाळून प्यायले आणि दिवसभर देवाची क्षमा मागत राहिले, उकळल्याबद्दल नव्हे, गाळल्याबद्दल.

स्वभाव काळजीचा म्हणून त्यांना ती नोकरी मिळाली की नोकरीमुळे स्वभाव तसा झाला, हे आता त्यांनाही सांगता येणार नाही. पाटबंधारे खात्यात तीस वर्षं त्यांनी पावसाळाभर टेलिफोनपाशी बसून नदीची पातळी लिहून घेतली आणि ती वाढली की खालच्या गावांना कळवली. बाकीचे नाशिककर पूर आला की तो बघायला जातात, नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या कमरेला पाणी लागलं की छातीला यावर वाद घालतात आणि भजी खाऊन घरी येतात. साडूंच्या मनात तो मारुती बारा महिने बुडालेलाच असतो. निवृत्तीनंतरही पाऊस जरा लागला की त्यांचा मला फोन येतो. "विजयराव, वरून पाणी सोडलंय. नदीकडे जाऊ नका." मी इंदिरानगरला तिसऱ्या मजल्यावर राहतो. माझ्यापर्यंत पाणी यायचं तर आधी निम्मं शहर वाहून जायला हवं. हे मी त्यांना एकदा सांगून पाहिलं. ते म्हणाले, "जिना ओला होतो." पातळी बघायची सवयही सुटलेली नाही. नाशिक रोडच्या त्यांच्या घरात तेलाच्या बरणीपासून फिनेलच्या बाटलीपर्यंत प्रत्येक भांड्यावर पेन्सिलीची बारीक रेघ आणि शेजारी तारीख असते. कोणावर संशय म्हणून नव्हे. आपलं माहीत असावं म्हणून.

अशा माणसाची एकुलती एक मुलगी कॅनडात राहते. मनू पहिल्यांदा गेली त्या दिवशी कसारा घाटात धुकं होतं, म्हणून साडू मुंबईपर्यंतही गेले नाहीत. निरोप त्यांनी फाटकात उभं राहून दिला आणि गाडी वळल्यावर ड्रायव्हरला फोन करून वेग विचारला. त्यानंतर दर वर्षी मनू सांगते, "बाबा, इकडे पानगळीत या, सगळी झाडं तांबडी होतात." साडूंचा पासपोर्ट आहे, व्हिसा आहे, दोन्हींच्या तीन-तीन छायाप्रती आहेत, नाही तो फक्त प्रवास. मागच्या वर्षी ताई एकटी जाऊन आली. मी विचारलं, विमानात कसं वाटलं? "बसले, झोपले, उठले, उतरले," ताई म्हणाली. साडू हे ऐकताना तिच्याकडे असे बघत होते, जणू ती विहिरीत पडून वर आली आहे.

यंदा गणपती उठल्यावर साडू अचानक आमच्या दारात उभे राहिले. हेल्मेट डोक्यावरच होतं. "मनू म्हणाली, बाबा, यंदा शेवटचं विचारते. पुढच्या वर्षी नाही विचारणार. तुम्हालाही त्रास होतो, मलाही होतो."

"रागावली?"

"रागावली असती तर बरं होतं हो. शांतपणे बोलली."

मी त्यांना पाणी दिलं. त्यांनी ते उकळलेलं आहे का, हे विचारलं नाही, त्यावरून मला प्रकरणाचं गांभीर्य कळलं. प्यायले मात्र नाहीत.

तोडगा त्यांनी स्वतःच काढला होता. मनूने पूर्वी कधीतरी एक कृती पाठवली होती. तिकडे पानगळीत घरोघरी एक पेय करतात: सफरचंदाचा रस, त्यात दालचिनी, लवंग, चक्रीफूल, जायफळ, संत्र्याची साल, आणि शेवटी रम. खाली तिने लिहिलं होतं, "तुम्ही आलात की पहिल्या संध्याकाळी आपण हे करू." साडूंचं म्हणणं असं, की विमानाची तालीम इथे करता येत नाही, थंडीची येत नाही, पण हे पेय करून बघता येतं. "एवढं एक झेपलं, तर बाकीचंही झेपेल. नाही झेपलं, तर तिला तसं सांगतो." पूर ओसरेल की नाही हे एका खुणेच्या दगडावरून ठरवलेल्या माणसाला यात काही चूक वाटत नव्हती. मलाही दाखवता आली नाही.

अडचण एकच होती. साडू जन्मात प्यायले नव्हते. नाशकात राहून हे सोपं नाही. इथे द्राक्षाचा हंगाम असो की लग्नाचा, कोणी ना कोणी तुम्हाला वाइन दाखवायला नेतंच. आम्हालाही एकदा एका मळ्यावर नेलं होतं. तिथल्या बाई ग्लास गोल फिरवत, यात मिरीचा भास होतो, ओल्या मातीचा होतो, असं गंभीरपणे सांगत होत्या आणि चांगली शिकलेली माणसं माना डोलवत होती. साडूंनी विचारलं, "यात पाणी कुठलं वापरता?" बाई म्हणाल्या, "सर, वाइनमध्ये पाणी घालत नाहीत." "मग ग्लास कशाने धुता?" त्या दुपारी विचारला गेलेला तो एकमेव समंजस प्रश्न होता.

तर आधी परवाना. आपल्याकडे दारू प्यायला सरकारी परवाना लागतो हे सगळ्यांना माहीत आहे आणि तो कोणी काढत नाही, हेही. साडूंनी काढला. त्यावर प्रकृतिस्वास्थ्यासाठी अशा अर्थाचं काहीतरी छापलेलं वाचून ते दोन दिवस अस्वस्थ होते. डॉक्टरांना आपल्याबद्दल काही कळलंय आणि ते सरकारला कळवलंय, पण आपल्याला नाही, अशी त्यांना शंका होती. मग आम्ही दुकानात गेलो. ओळखीचं कोणी भेटू नये म्हणून शहराच्या दुसऱ्या टोकाच्या. साडूंनी कापडी पिशवीत आधीच मेथीच्या दोन जुड्या घेतल्या होत्या, बाटली झाकायला.

"काका, हेल्मेट काढा. कॅमेरा आहे," काउंटरवरचा माणूस म्हणाला.

साडूंनी हेल्मेट काढलं आणि परवाना पुढे ठेवला. त्या माणसाने तो हातात घेतला, उलटा करून पाहिला आणि आतल्या भागीदाराला हाक मारली. "अरे, इकडे ये. हे बघ, असं खरंच असतं." भागीदार हात पुसत आला. दोघांनी तो कागद आदराने वाचला. साडू घामाघूम झाले होते. "काही चूक आहे का त्यात?" "नाही हो काका. आम्ही पहिल्यांदाच बघतोय."

किराणा दुकानात यादी वाचून वाण्याने बिर्याणीचे तांदूळ कुठले देऊ म्हणून विचारलं. साडूंना खोटं बोलता येत नाही, म्हणून ते काहीच बोलले नाहीत आणि एक किलो बासमती घेऊन घरी आले.

मग दिवस ठरेना. पितृपंधरवडा सुरू होता आणि पितर बघतात. नंतर नवरात्र, तेव्हा देवी बघते. साडू पंचांग घेऊन असे बसले होते, की या हिशोबाने मनूकडचं शेवटचं पान गळून जाईपर्यंत मुहूर्त लागला नसता. शेवटी ताई म्हणाली, "रविवारी करा. तुमचे आजोबा आले बघायला, तर त्यांनाही एक द्या. जिवंतपणी कुठे नाही म्हणत होते?"

रविवारी संध्याकाळी मी पोचलो, तेव्हा शेगडीशेजारी पाण्याची बादली, ओलं गोणपाट आणि दवाखान्याचा नंबर लिहिलेला कागद होता. जाळ नको म्हणून इंडक्शनची शेगडी बाहेर काढली होती. बाहेर ऑक्टोबरच्या आधीच ऑक्टोबरचा उकाडा होता, पंखा बंद होता, कारण वाऱ्याने काय उडून पातेल्यात पडेल सांगता येत नाही. दालचिनी खरी की तिची स्वस्त बहीण, चक्रीफूल खायचं की दिसायला तसंच असणारं विषारी, यावर आमची अर्धा तास चर्चा झाली. संत्र्याची साल त्यांनी मिठाच्या पाण्याने, मग गरम पाण्याने, मग नुसती भीतीने धुतली. जायफळ किती, हा प्रश्न मोठा होता, कारण जायफळाने झोप येते आणि लेकीशी बोलताना झोप येऊन चालणार नव्हतं. हळूहळू पातेल्यातून वास यायला लागला. समोरच्या वहिनी दारात येऊन म्हणाल्या, "काढा का? कोण आजारी आहे?" साडू म्हणाले, "अजून कोणी नाही."

मनूने लिहिलं होतं, शेगडी बंद करा आणि मग रम घाला. साडूंनी ते मोठ्याने वाचलं. बाटलीवर पेन्सिलीने रेघ मारली, बूच उघडलं आणि थांबले.

"विजयराव, हे कुठे भरलं असेल, कोणी भरलं असेल?"

"कारखान्यात. यंत्राने."

"यंत्र कोणी पुसलं असेल?"

आणि त्यांनी रम ओतली, बाटलीवर उरलेल्या पातळीची नवी रेघ मारली आणि शेगडी चालू केली. मी ताईकडे पाहिलं. ताईने मला नजरेने गप्प बसवलं. पहिली उकळी आली. साडू म्हणाले, "एक." दुसरी आली, तिसरी आली. मग त्यांना वाटलं की परदेशी पदार्थ आहे, आपल्या तीन उकळ्या त्याला पुरतील की नाही. म्हणून आणखी वीस मिनिटं ते झाकण न ठेवता उकळत राहिलं. घरभर रमचा असा घमघमाट सुटला, की पितरांना जे काय मिळायचं ते तेव्हाच मिळालं असणार. पातेल्यात उरलं ते गोडसर, तांबूस, सुंठ न घातलेल्या सुंठेच्या काढ्यासारखं काहीतरी. मी चमच्याने चाखून पाहिलं. एखाद्या तान्ह्या मुलाला सर्दीवर देता आलं असतं.

साडूंनी ते पितळी पेल्यात ओतलं, पेल्यावरही नजरेने रेघ मारली आणि मनूला व्हिडिओ कॉल लावला. तिकडे सकाळ होती. ती खिडकीशी बसली होती, मागे एक लालभडक झाड होतं.

"बाबा, तुम्ही खरंच केलंत?"

"परवाना काढला," साडू म्हणाले आणि तो फोनसमोर धरला. मग एक घोट घेतला, डोळे मिटले. आणखी एक घेतला. तिसऱ्या घोटाला त्यांनी पाठ भिंतीला टेकली. "चढतंय बरं का," ते मला हळूच म्हणाले. मी म्हटलं, "जपून." दुसरं काय म्हणणार?

अर्धा पेला झाल्यावर त्यांचा आवाज बदलला. "मनू, मला विमानाची भीती नाही. म्हणजे आहे. पण ती नंतर. मी तिथे येणार, तुझं घर बघणार, दहा-वीस दिवस राहणार, आणि मग तुला तिथे ठेवून परत येणार. फाटकातून परतलो होतो तेव्हा तेवढंही अंतर मला झेपलं नव्हतं." त्यांनी पेल्यातलं उरलेलं संपवलं. "आज प्यायलोय म्हणून बोलतो. यायचंय मला. तिकीट काढ."

मनूने फोन टेबलावर ठेवला असावा, कारण आम्हाला नुसतं तिचं छत दिसत होतं. बराच वेळ छत दिसलं.

दुसऱ्या दिवशी सकाळीच साडूंचा फोन आला. "विजयराव, काल मी नशेत काही बोललो का?"

इथे मला खरं सांगता आलं असतं. काढ्यात दारूचा थेंब नव्हता, वीस मिनिटं उकळल्यावर कशी राहील? पण मग त्या बोलण्याचं काय झालं असतं, ही काळजी पहिल्यांदाच मला वाटली. "बोललात," मी म्हटलं. "शब्द दिलात."

"मग आता जावंच लागेल," ते खोल आवाजात म्हणाले.

दसऱ्याला सीमोल्लंघन करायचं असतं, पण त्या दिवशी रस्त्यावर गर्दी असते, म्हणून ते दोघं दुसऱ्या दिवशी निघाले. निघण्याआधी ताईने पातेलं चढवलं, सगळा मसाला घातला, रम मात्र बाटलीतच ठेवली आणि काढा थर्मासमध्ये भरून त्यांच्या हातात दिला. घाट उतरेपर्यंत साडू बूचभर बूचभर घेत होते, असं ताई सांगते. विमानतळावर ते हसतही होते म्हणे.

घराची किल्ली माझ्याकडे आहे आणि सूचनांचा दोन्ही बाजूंनी लिहिलेला कागद आहे. तुळशीला पाणी, सांडगे उन्हात, गॅसचा रेग्युलेटर बंद आहे ना ते बघणे. परवा परतीचा पाऊस लागला, दुपारपासून नुसता कोसळत होता. मी संध्याकाळपर्यंत घरात उगाच फिरत होतो. बायको म्हणाली, "कोणाच्या फोनची वाट बघताय?" मी म्हटलं, कोणाच्या नाही. पाऊस थांबल्यावर नाशिक रोडला गेलो. पुलावरून नदी दिसत होती, चांगली भरलेली. मी थांबलो नाही.

साडूंच्या स्वयंपाकघरात रमची बाटली रेघेशी प्रामाणिकपणे उभी होती. मी रेग्युलेटरला हात लावला, तेवढ्यात फोन वाजला.

"विजयराव, इथे झाडांची पानं पडतात आणि तशीच पडून राहतात हो. ओली असतात. कोणी घसरलं तर? मी सकाळी मनूचा रस्ता झाडून ठेवतो."

"आणि ते पेय?"

"केलं तिने. पण तिला नाही जमलं. घशाला नुसती आग. तिला म्हटलं, उद्या मी करतो." मागून मनूचं हसू ऐकू आलं. "बरं, ठेवतो. तिला सोडायला जायचंय बसथांब्यापर्यंत."

पावसाचं त्यांनी विचारलं नाही, गॅसचंही नाही. फोन ठेवून मी रेग्युलेटर पुन्हा पाहिला, दाराला कुलूप लावलं, ते ओढून बघितलं आणि जिना उतरलो. जिना ओला होता. खाली फाटकापाशी क्षणभर उभा राहिलो आणि मग परत वर गेलो.