समासातली सही

शिवणबाईंच्या व्याजाचं वाटोळं मी केलं. आधी हे सांगून टाकतो, म्हणजे पुढचं सांगताना जीभ अडखळणार नाही.

टपाल कचेरीत माझ्या खिडकीवर त्या वीस वर्षं आल्या. इस्पितळाचे अंगरखे आणि शाळेचे गणवेश शिवून त्यांनी नवऱ्याचं लांबलेलं आजारपण काढलं, दोन पोरींना शिकवलं आणि कुणापुढे हात पसरला नाही. कॉलरला दोन-तीन सुया टोचलेल्याच असायच्या. जीभही तशीच. रांगेत कुणी घुसला की म्हणायच्या, "या, या, माझ्या डोक्यावरच उभे राहा!"

शिल्लक पडली की त्या सरकारी बचतपत्रं घ्यायच्या. दहा वर्षांत पैसे दुप्पट होत. दर वेळी विचारायच्या, "साहेब, नक्की ना?" मी शिक्का हाणत म्हणायचो, "सरकारचा कागद आहे बाई, निर्धास्त राहा."

आमच्याकडे परिपत्रक आलं की ते टेबलाटेबलांवरून फिरायचं. प्रत्येकाने ते वाचून समासात ‘वाचले’ लिहायचं आणि सही करायची. वाचत कुणीच नसे. सही मात्र झोकात, आणि माझी सगळ्यांत लफ्फेदार. ही बचतपत्रं एक तारखेपासून बंद झाल्याचं परिपत्रक असंच माझ्या चहाच्या कपाखालून पुढे गेलं. चार तारखेला शिवणबाई आल्या. इस्पितळाचं मोठं काम संपलं होतं, आयुष्यातली सगळ्यांत मोठी रक्कम हातात होती. मी जुन्या गठ्ठ्यातली पत्रं काढून दिली. त्यांनी विचारलं, "नक्की ना?" मी म्हणालो, "नक्की."

दहा वर्षांनी खात्याने त्यांना सांगितलं, ही पत्रं योजना बंद झाल्यावर घेतलेली आहेत. मुद्दल घ्या, व्याज मिळणार नाही. त्याच व्याजावर त्या मशीन विकून घरी बसणार होत्या, कारण डोळे गेल्यातच जमा होते. त्या कोर्टात गेल्या. खात्याचं म्हणणं असं की, योजना बंद झाल्याचं बाईंना खिडकीवर सांगितलं होतं, तरी त्यांनी हट्टाने पत्रं घेतली.

मी तेव्हा निवृत्त झालो होतो. खात्याच्या वकिलाने मला बाजूला घेतलं. "खोटं बोलू नका. फक्त आठवत नाही म्हणा. नाहीतर वसुली तुमच्या पेन्शनमधून होईल."

मी पिंजऱ्यात उभा राहिलो आणि तीन प्रश्नांना तीनदा "आठवत नाही" म्हणालो. शिवणबाईंच्या वकिलाकडून माझी उलटतपासणी जेवणाच्या सुट्टीनंतर होती.

बाहेर बाकावर बसलो तर शिवणबाई शेजारी येऊन टेकल्या. मला वाटलं, आता चांगली खरडपट्टी निघणार. निघाली असती तर बरं झालं असतं.

"बाहीचं बटण लोंबतंय तुमचं," त्या म्हणाल्या. "असे कोर्टात येतात होय?"

कॉलरची सुई काढली, पिशवीतून दोरा काढला. तीनदा ओवून पाहिला. दोरा दर वेळी सुईच्या बाजूने निघून जात होता. ज्या बाईने हजारो अंगरखे शिवले, तिने सुई माझ्यापुढे धरली. "जरा ओवून द्या."

मी ओवून दिली. त्या चाचपत बटण लावू लागल्या. माझी बाही त्यांच्या हातात होती, त्यामुळे पळायचीही सोय नव्हती. मला स्वतःची किळस आली.

"बाई," मी म्हणालो, "तुम्ही ‘नक्की ना’ विचारलंत. मी ‘नक्की’ म्हणालो. योजना बंद झाल्याचं मी सांगितलंच नव्हतं. मलाच माहीत नव्हतं. न वाचता सही केली होती. मला सगळं आठवतंय."

त्यांनी दातांनी दोरा तोडला, सुई पुन्हा कॉलरला टोचली.

"मला माहीतच आहे की ते," त्या म्हणाल्या. "मला सांगून काय उपयोग? आत सांगा."

पट्टेवाल्याने माझ्या नावाचा पुकारा केला. मी बाही खाली ओढली आणि आत गेलो.