जेंट्स ग्रुपमधली डीलर

आजही कोणी ‘बँकॉक’ म्हणून डोळा मारला की माझं डोकं फिरतं. एका अख्ख्या देशाची आपल्या माणसांनी काय चेष्टा करून ठेवली आहे! आणि त्या चेष्टेपायी माझ्या हक्काचा प्रवास जवळजवळ हातचा गेला होता.

अंबरनाथ पूर्वेला माझं रंगांचं दुकान आहे. सासऱ्यांची शेती बिल्डरकडे गेली, तिच्या बदल्यात इमारतीत खाली एक गाळा मिळाला. नवरा एमआयडीसीत शिफ्टला जातो, म्हणून दुकान मी उघडलं आणि मीच चालवते. लायसन्स माझ्या नावावर, डीलरशिप माझ्या नावावर. शेड मिसळायच्या मशीनवर हातही माझाच बसलेला. तरी दुकानात नवीन माणूस आला की माझ्याकडे बघून मलाच विचारतो, “मालक कुठायत?”

त्या वर्षी रंगाच्या कंपनीनं दिवाळीच्या हंगामासाठी स्कीम काढली. टार्गेट पूर्ण करणाऱ्या डीलरला थायलंडची सहल. पत्रकावर बँकॉकच्या राजवाड्यातल्या देवळाचा फोटो होता. लांबच लांब ओवरी, तिच्या भिंतीभर रंगवलेलं रामायण आणि त्यात डोंगराएवढा पांढरा मारुती. रंग विकण्यात आयुष्य गेलेल्या बाईला ती भिंत बघायची नाही, तर कोणाला? मी तो फोटो काउंटरच्या काचेखाली सरकवला आणि गणपतीपासून दिवाळीपर्यंत मान मोडून धंदा केला. टार्गेट पूर्ण झालं.

मग कंपनीचा प्रतिनिधी पेढे घेऊन आला. म्हणाला, “अभिनंदन मॅडम! सरांचा पासपोर्ट मिळाला. आता तिकीट होऊन जाईल.”

“कुठल्या सरांचा?”

त्यानं मला न विचारता परस्पर माझ्या नवऱ्याला फोन केला होता. “सगळा जेंट्स ग्रुप आहे ना मॅडम. तुम्हालाच ऑकवर्ड होईल.” आणि नवऱ्यानं पासपोर्टचा फोटो पाठवूनही दिला होता! घरी जाब विचारला तर म्हणतो कसा, “अगं, एवढ्या पुरुषांत तू एकटी काय करणार? मला वाटलं, तुझी कटकट वाचेल.” माझी कटकट वाचवायला हा गृहस्थ थायलंडला निघाला होता. त्यानंतर कितीतरी दिवस मी त्याच्याशी कामापुरतंच बोलत होते.

शेवटी मी थेट कंपनीच्या ऑफिसात फोन लावला. स्कीम डीलरसाठी आहे की डीलरच्या नवऱ्यासाठी, एवढंच विचारलं. पलीकडे बरीच कुजबुज झाली. लेडीजसाठी सहलीऐवजी मिक्सर देऊ, असंही सुचवून झालं. मिक्सर माझ्या घरात आहे. मी हटले नाही, आणि तिकीट माझ्या नावानं आलं.

विमानतळावर मला पाहून सगळे डीलर असे चिडीचूप झाले, जसे वर्गात हेडमास्तर शिरल्यावर होतात. उल्हासनगर कॅम्प दोनचे एक सिंधी हार्डवेअरवाले तेवढे मोकळेपणानं बोलले, “भाभीजी, भाईसाब नहीं आए?”

“वो दुकान नहीं चलाते,” मी म्हटलं.

बँकॉकला पोचल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी राजवाडा आणि देऊळ, दुपारी पट्टायाकडे प्रस्थान, असा छापील कार्यक्रम होता. देवळात अंगभर कपडे लागतात म्हणून मी पूर्ण बाह्यांचा ड्रेस घालून सगळ्यांआधी बसमध्ये जाऊन बसले. बाकीचे जागरणानं तांबारलेल्या डोळ्यांनी एकेक करत चढले. मग टूर मॅनेजर उभा राहिला. “देऊळ कॅन्सल करून डायरेक्ट पट्टायाला जाऊ, असं बऱ्याच जणांचं म्हणणं आहे. हात वर करा.” माझा सोडून झाडून सगळे हात वर गेले.

“देवळं काय आपल्याकडे कमी आहेत?” मागून कोणीतरी म्हणालं आणि सगळी बस हसली.

“मग समुद्र कमी आहे?” मी उठून विचारलं. टूर मॅनेजर म्हणाला, “मॅडम, मेजॉरिटी आहे.” मी त्याच्याकडून पट्टायाच्या हॉटेलचा पत्ता लिहून घेतला, बॅग उचलली आणि खाली उतरले. तो “मॅडम, मॅडम” करत राहिला. मी टॅक्सी केली.

ती भिंत फोटोत मावण्यातली नव्हतीच. चालून चालून पाय दुखले तरी रामायण संपेना. मारुतीनं रामाचा अख्खा तंबू तोंडात धरून सांभाळलेला. जागोजागी सोन्याचा वर्ख, आणि निळा तर असा की आमच्या शेडकार्डात शोधून सापडायचा नाही. पुढे त्यांचा मारुती एका मत्स्यकन्येच्या मागे लागलेला दिसला, तेव्हा मी तिथंही थोडी चिडले. आमच्या ब्रह्मचाऱ्याला कुठं नेऊन ठेवलंय या लोकांनी! पण माझ्या आजूबाजूला कोण होतं? रांगेनं चाललेल्या शाळेतल्या मुली, कडेवर लेकरं घेतलेल्या आया, हात जोडून उभी असलेली एक म्हातारी. ऑकवर्ड होण्यासारखं तिथं काहीच नव्हतं. जे होतं ते बसमध्ये बसून पट्टायाला गेलं होतं. मी दुपार होईपर्यंत त्या ओवरीत बसून राहिले.

बस पकडून संध्याकाळी पट्टायाच्या हॉटेलात शिरले, तर टूर मॅनेजर दारातच. “तुम्हाला काही झालं असतं तर मी सरांना काय उत्तर दिलं असतं? मी त्यांना कळवलंय सगळं.” म्हणजे अजूनही उत्तर सरांनाच द्यायचं होतं! मी तणतणत खोलीत गेले आणि भांडायच्या तयारीनंच नवऱ्याला फोन लावला.

“आला होता त्याचा फोन,” तो म्हणाला. “मी सांगितलं, डीलर ती आहे. काय बोलायचं ते तिच्याशीच बोला.”

मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. पण पुढच्याच क्षणाला राग उसळला. “हेच पहिला फोन आला तेव्हा सांगता आलं नसतं तुला?”

तो “अगं, अगं” करत राहिला. मी त्याला हवं तेवढं अडखळू दिलं. मग भिंतीबद्दल सांगायला घेतलं.