हवेत खोट काढणारे दाजी

कोल्हापुरात त्या काळी फुकट मिळणारी अशी एकच चीज होती, ती म्हणजे हवा. आणि तिच्यातसुद्धा खोट काढणारा माणूस उभ्या गावात एकच होता, ते म्हणजे आमच्या अक्काचे यजमान. लग्नानंतर त्यांनी आमच्याच पेठेत बिऱ्हाड केलं, त्यामुळे माझे दाजी बघता बघता सगळ्या पेठेचे दाजी झाले. दूधवाला, न्हावी, तालमीचे वस्ताद, सगळे त्यांना दाजीच म्हणत. एवढे मेहुणे एका माणसाला झेपणं कठीणच. पण दाजींना माणसांपेक्षा माणसांच्या नाकासमोरच्या हवेत जास्त रस होता, म्हणून ते निभावलं.

संस्थान विलीन झालं आणि त्यानंतर दाजी कारखाने तपासायच्या सरकारी कचेरीत लागले. कारखान्यातल्या हवेत धूळ किती ते मोजायचं, हे त्यांचं काम. त्यासाठी मुंबईहून एक लाकडी पेटी आली होती. पेटीत हातानं फिरवायचा पंप, एक रबरी नळी आणि एक काचेची बाटली. बाटलीत थोडं पाणी घालायचं आणि पंपाचा दांडा एका लयीत फिरवत राहायचा. हवा पाण्यातून बुडबुडत जायची, धूळ मागं पाण्यात राहायची. मग ते पाणी कचेरीत नेऊन सूक्ष्मदर्शकाखाली बघत बसायचं. हे सगळं दाजी भेटेल त्याला समजावून सांगत. पेटी उघडून दांडा फिरवायला लागले की लोक भोवती जमत आणि कुल्फी केव्हा निघणार म्हणून ताटकळत उभे राहत. एकदा सायकलच्या दुकानात "मी हवा तपासतो" असं ते अभिमानानं म्हणाले, तर दुकानदारानं विचारलं, "म्होरल्या चाकातली का मागल्या?"

घरी आल्यावर तरी त्यांनी गप्प बसावं? अक्काच्या संसाराची निम्मी शक्ती खिडक्या लावण्यात गेली, कारण दाजी येता-जाता त्या उघडत. लग्नाला गेले की होमाजवळ बसलेल्या नवरा-नवरीची त्यांना कीव येई आणि भटजींना ते "जरा वाऱ्याच्या बाजूला सरका" असं मंगलाष्टकांच्या आधीच सांगून ठेवत. नृसिंहवाडीला आम्ही सहकुटुंब गेलो तेव्हा धुपाचा वास आल्याबरोबर सगळ्यांनी हात जोडले, दाजींनी मात्र नाक वर करून वारा कुठून कुठं वाहतोय ते पाहिलं. उन्हाळ्यात वर्षाची चटणी कुटायला शेजारपाजारच्या बायका आमच्या परसात जमत, त्यांत हा एकटा पुरुष उखळाशेजारी पेटी मांडून बसे. मिरचीच्या खकाण्यानं डोळ्यांतून धारा लागलेल्या, शिंकांवर शिंका चाललेल्या, पण दांड्याची लय सुटायची नाही. लय सुटली की मोजणी वाया गेली, असं त्यांचं शास्त्र होतं. अक्का एकदा वैतागून म्हणाली, "अहो, मिरची तिखट हाय हे कळायला यंतर कशाला लागतंय?"

दाजी नाक पुसत म्हणाले, "तिखट हाय ते जिभंला कळतंय. छातीला काय वाटतंय ते तिला कोण इचारतंय?"

बायका पदर तोंडाला लावून हसल्या. मीही हसलो. दाजी असं काही बोलले की हसायचं, अशी मला सवयच लागली होती.

त्यांचा जिवलग दोस्त होता दस्तगीर. दोघांची गाठ तालमीत पडली. दाजी तिथं अंग कमावण्यापेक्षा झरोके कुठल्या बाजूला आहेत ते बघायलाच जात, पण दस्तगीर खरा पैलवान. पोटापाण्यासाठी तो उद्यमनगरातल्या एका फौंड्रीत होता. साचे फोडून ओतीव लोखंड बाहेर काढायचं आणि त्याला चिकटलेली जळकी वाळू ब्रशानं झाडायची, हे त्याचं काम. काम करताना तो दिसायचाच नाही, नुसता धुरळा दिसायचा आणि आतून त्याचं गाणं ऐकू यायचं. एका वर्षी आम्ही तिघं पन्हाळ्याला गेलो. चढावर दस्तगीर थांबला, कमरेवर हात ठेवून उभा राहिला आणि म्हणाला, "तुमी व्हा फुडं, म्या जरा गड बघतो." ज्याच्या दमाशी तालमीत कुणी पैज लावत नसे, तो माणूस गड बघायला थांबला होता. दाजी त्या दिवशी गडाकडं न बघता त्याच्या छातीकडंच बघत राहिले. दस्तगीरला त्या धुरळ्यातून बाहेर काढायचं, हे त्यांनी तिथंच ठरवलं असणार.

फौंड्रीचे मालक मोठ्या आवाजाचे आणि मोठ्या मनाचे. स्वतः साचे भरत वर आलेले. दाजींनी विषय काढल्याबरोबर ते गरजले, "धूळ कुठं न्हाय, दाजी? तालमीत तांबड्या मातीत लोळतासा ते चालतंय व्हय?"

"ती माती अंगाला लागती," दाजी म्हणाले, "आंघोळ केली की गेली. ही छातीत बसती. छातीला आंघोळ कशी घालायची ते सांगा की."

मालकांना काही ते पटलं नाही. "मोजून दावा," म्हणाले. "जास्त निघाली तर दस्तगीरला दुसरं काम देतो आणि तुम्ही म्हणाल ते करतो. शब्द हाय."

दाजींना एवढंच हवं होतं. सोमवारी माझं कापडाचं दुकान बंद असे, म्हणून पेटी माझ्या सायकलच्या कॅरिअरवर बांधून आम्ही गेलो. पोचलो आणि दाजींनी कपाळावर हात मारला. साहेब हवा बघायला येणार म्हणून फाटकापासून भट्टीपर्यंत सडा पडलेला! वाळूच्या ढिगावर पाणी मारलेलं, दारात रांगोळी, ऑफिसात उदबत्ती. एकानं तर आमच्यावर गुलाबपाणीही उडवलं. दाजींनी तरी बैठक मारली आणि दांडा फिरवला. बाटलीतलं पाणी देवाच्या तीर्थासारखं नितळ राहिलं. "बघा," मालक खूश होऊन म्हणाले, "उगंच नावं ठेवत हुतासा आमच्या हवेला."

मग पुढच्या वेळी दाजी आगाऊ न कळवता गेले. पण तोवर फौंड्रीत सगळ्यांशी त्यांची ओळख झाली होती. फाटकात त्यांची टोपी दिसल्याबरोबर कुणीतरी ओरडलं, "पावणं आलं रं!" आणि धपाधप बादल्या रिकाम्या झाल्या. दाजी मागच्या दारानं गेले, तिथं साक्षात दस्तगीरच बादली घेऊन उभा.

"अरं बाबा, तुझ्यासाठीच चाललंय हे!" दाजी रडकुंडीला आले. "मारू नगंस पाणी!"

"असं कसं?" दस्तगीर दुखावून म्हणाला. "तुमी आमच्यात येणार आणि तुमच्या अंगावर धूळ उडू द्यू? माणसं हाय का कोण आमी?"

आता काय करावं? लबाडी करणाऱ्या माणसाला नोटीस देता येते, पाहुणचार करणाऱ्याला कुठल्या कलमाखाली धरायचं? दाजी घरी येऊन डोकं धरून बसले. मोजणी नाही तर पुरावा नाही, आणि पुरावा नाही तर दस्तगीर तिथंच खोकत राहणार. अक्का भाकरी थापत सगळं ऐकत होती. तिनं तव्यावर भाकरी टाकली आणि विचारलं, "तुम्ही गेलासा की पाणी मारत्यात न्हवं?"

"व्हय."

"पाणी मारलं की धूळ उडत न्हाय?"

"अजिबात न्हाय. तेच तर..." दाजी बोलता बोलता थांबले.

"मग रोज जावा की," अक्का म्हणाली आणि भाकरी उलटली.

आमचे दाजी दुसऱ्या दिवसापासून रोज पाहुणे म्हणून फौंड्रीत जायला लागले. कचेरीच्या आधी पेटी घेऊन हजर. ते आले की सडा पडायचा, वाळू भिजायची, मग साचे फुटायचे. वितळलेल्या लोखंडाच्या रसाच्या आसपास मात्र थेंबभर पाणी चालायचं नाही, नाहीतर लोखंड अंगावर उसळायचं. तिथं मालक स्वतः काठी घेऊन उभे राहत. थोड्याच दिवसांत दाजी यायच्या आधीच पाणी पडू लागलं. ब्रश मारणाऱ्यांचे चेहरे दिसू लागले. कारखान्यात इतकी देखणी माणसं आहेत हे आपल्याला ठाऊकच नव्हतं, असं मालक म्हणत. आणि एक दिवस त्यांनी आपण होऊन दस्तगीरच्या हातातला ब्रश काढून घेतला आणि पाणी मारायचं काम कायमचं त्याच्याकडं दिलं. "मोजणी झाली न्हाय, पर शब्द तो शब्द," म्हणाले. त्या फौंड्रीतली धूळ किती होती ते सरकारला कधीच कळलं नाही. आयुष्यभर मोजण्यावर श्रद्धा ठेवलेल्या माणसानं ही एक मोजणी सोडून दिली आणि तिचं नावही परत काढलं नाही.

पण छातीत बसलेलं बसलंच होतं. डॉक्टरांनी दाजींना बाजूला घेऊन सांगितलं, की आता आणखी बिघडू नये एवढंच बघायचं, गेलेला दम परत येत नाही. दाजींनी ते मला पेटीचं झाकण उघडत-मिटत सांगितलं. ज्यानं वारा कुठून कुठं वाहतो ते सगळ्या गावाला सांगितलं, त्याला हे आधी कसं कळलं नाही, याचं त्यांना फार लागलं होतं.

पुढं एका संध्याकाळी मी रंकाळा तलावावर गेलो होतो. दाजी आणि दस्तगीर काठानं सावकाश येत होते, दाजींच्या खांद्याला पेटी. थोडं चालले की दाजी थांबायचे, पेटी कठड्यावर ठेवायचे आणि दांडा फिरवत बसायचे. दस्तगीर शेजारी टेकायचा. मी हसत हसत जवळ गेलो आणि म्हणालो, "काय दाजी, रंकाळ्याच्या हवेतबी खोट काढताय व्हय?"

दाजींनी माझ्याकडं असं पाहिलं, की माझं हसू जागच्या जागी थांबलं. मी बाटलीकडं पाहिलं. बाटली कोरडी होती. शेजारी दस्तगीर दोन्ही हात गुडघ्यांवर टेकून श्वास घेत होता, एकेक श्वास जड सामान उचलावं तसा. दाजी त्याच्याकडं न बघता दांडा फिरवत होते, त्याच्या श्वासाच्या लयीत, तो सावकाश झाला तसे सावकाश.

"त्यास्नी काय बोलू नगासा," दस्तगीर मला म्हणाला. बोलताना त्याला दोनदा थांबावं लागलं, पण डोळ्यांत खट्याळपणा तोच होता. "हवा नीट बघितल्याबिगर त्यास्नी फुडं जाववत न्हाय. म्या आपला बसतो त्यांच्यासाठनं."

मी कठड्यावर त्यांच्या शेजारी बसलो. दाजींची मोजणी बराच वेळ चालली.