अडतीस कागदांवरचं एक मत

बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला असताना मी आमच्या गणिताच्या सरांविषयी चार ओळी लिहिल्या होत्या. त्या मला अजून पाठ आहेत. ‘सर स्वतः शिकवत नाहीत. विद्यार्थ्यांनाच फळ्यावर उभे करतात. त्यामुळे अभ्यासक्रम मागे राहिला आहे. परीक्षेसाठी उपयुक्त नोट्स देत नाहीत.’ तेव्हा त्यातला शब्द न् शब्द मला खरा वाटत होता.

आमचा तांडा फुलसावंगीच्या बाजूला. तिथून पदवीपर्यंत पोचलेली मी पहिली. माझी याडी, म्हणजे आई, माझ्या वह्या कपाटात साडीच्या घडीखाली ठेवायची. त्यात काय लिहिलंय ते तिला वाचता येत नव्हतं, पण अक्षर सुंदर आहे एवढं तिला कळायचं आणि आल्यागेल्याला ती ते दाखवायची. या अक्षरामुळेच मला शाळेपासून एक काम चिकटलं होतं. आमच्या शाळेत धड्याखालच्या प्रश्नांची उत्तरं एकाने लिहायची, मास्तरांनी ती बरोबर आहेत म्हटलं की बाकीच्यांनी वहीत उतरवायची, अशी पद्धत होती. ती कॉपी आहे असं कुणालाही वाटत नसे. ज्याला जमतं त्याने लिहावं आणि बाकीच्यांना द्यावं, हाच शेजारधर्म. कॉलेजात आल्यावर प्रॅक्टिकलची जर्नलंही आम्ही तशीच पुरी केली. लिहिणारी बहुतेक वेळा मीच.

गणिताचे सर आमच्याकडे तासिका तत्त्वावर होते. म्हणजे नेमणूक एका वर्षाची, जुलैत पुन्हा मुलाखत, पुन्हा यादी. विद्यापीठातून पीएच.डी. झालेले, वय चाळिशीच्या पुढे. त्यांची शिकवायची रीत आम्ही आधी कधी पाहिली नव्हती. एक सिद्धांत वाचायचा, एकाला फळ्यापाशी बोलवायचं आणि विचारायचं, “का?” मग गप्प बसायचं. पाच मिनिटं, दहा मिनिटं. मागून कुणी उत्तर सांगायला लागलं तर हात वर करून थांबवायचे. दुसऱ्या विषयाचे सर पिवळ्या पडलेल्या वहीतून नोट्स सांगत, महत्त्वाच्या प्रश्नांवर खूण करायला लावत, आणि आम्हाला तेच शिकवणं वाटायचं. गणिताच्या तासाला वही कोरी राहायची. परीक्षा जवळ आली की मी ती कोरी वही पुन्हा पुन्हा उलटून पाहायची. नापास होऊन घरी गेले असते तर माझ्या मागच्या मुलींचीही वाट अडली असती, हे मला पक्कं माहीत होतं.

फेब्रुवारीत कॉलेजने प्रत्येक विषयाच्या शिक्षकाबद्दल मत लिहायचे फॉर्म वाटले. शेवटी चार ओळींची मोकळी जागा होती. वर्गात नेहमीप्रमाणे सगळे माझ्या बाकाभोवती जमले. एकजण, ज्याच्या वडिलांचं बसस्टँडजवळ गॅरेज होतं आणि जो कुणालाही चिडवल्याशिवाय राहत नसे, तो म्हणाला, “मॅडम, तुमी लिवा मस्त शुद्ध भाषेत. आमी उतरवून घेतो. मले लिवाले लावलं तं सरले वाटंल का गाडीचं बिल हाय.” सगळे हसले. मी चार ओळी लिहिल्या. माझा कागद बाकाबाकावरून फिरून परत आला तेव्हा त्याच्या कडा मऊ झाल्या होत्या. अडतीस फॉर्म ऑफिसात गेले.

मार्चमध्ये माझी पाळी आली. सिक्वेन्स म्हणजे आकड्यांची न संपणारी रांग, आणि ती ज्या आकड्याजवळ सरकत जाते ती तिची लिमिट. एका सिक्वेन्सला दोन वेगवेगळ्या लिमिट का असू शकत नाहीत, हा प्रश्न होता. पुस्तकातली इंग्रजी ओळ मी फळ्यावर उतरवली. सरांनी विचारलं, “का?” सर येऊन माझ्या रिकाम्या जागेवर बसले, आपली वही उघडली आणि माझ्याकडे पाहत राहिले, जणू मी सांगेन ते त्यांना लिहून घ्यायचं होतं. तास संपला. मी एक शब्दही बोलले नव्हते. सर एवढंच म्हणाले, “उद्या इथूनच.”

त्या संध्याकाळी मला राग आला, रडूही आलं. पण प्रश्न डोक्यातून जाईना. दुसऱ्या दिवशी फळ्यापाशी उभी राहिले आणि इंग्रजीत सुरुवात करून अडले. पुन्हा माझ्या जागेवर बसलेले सर म्हणाले, “घरी बोलता तसं सांगा.” मी फळ्यावर दोन टिंबं काढली आणि बोलत गेले. दोन लिमिट असतील तर दोघींच्या मधात जागा असणारच. ती जागा अर्धी अर्धी वाटून द्या, एक अर्धी हिची, एक अर्धी तिची. आता सिक्वेन्स पुढे गेली की तिला कायम हिच्या हद्दीत राहावं लागते अन् कायम तिच्याही हद्दीत राहावं लागते. एक माणूस एका टायमाले दोन गावात कसा राहील?

सरांनी माझं वाक्य वहीत खरोखर लिहून घेतलं. मग उठून म्हणाले, “आता हेच पुस्तकाच्या भाषेत लिहा.” आणि मी लिहिलं. न पाहता. आजवर मी शेकडो उत्तरं लिहिली होती, पण माझं असं हे पहिलंच होतं. जागेवर येऊन बसले तेव्हा मला ते फॉर्म आठवले.

एप्रिलच्या सुरुवातीला सर वर्गात आले आणि रोजच्यासारखं फळ्यावर काही न लिहिता म्हणाले, “एका सेटमध्ये तीच गोष्ट अडतीस वेळा लिहिली, तर घटक किती?”

गॅरेजवाल्याचा मुलगा म्हणाला, “एकच, सर.”

“ऑफिसात तुमचे फॉर्म पाहिले. घटक एकच आहे,” सर म्हणाले. आवाजात राग नव्हता. मग ते पुढच्या सिद्धांताकडे वळले. त्या तासाला माझ्या कानात काही शिरलं नाही.

त्याच दिवशी कार्यालयातल्या बाईंनी मला हटकलं. मुलांनी मिळून तक्रार केली असाच अर्थ वर काढलाय, जुलैच्या मुलाखतीच्या फायलीत ते फॉर्म लागणार, असं त्यांनी सांगितलं. एकजण नाराज असेल तर कुणी मनावर घेत नाही, पण अख्खा वर्ग तेच लिहितो म्हणजे काहीतरी असणारच, असं वरच्यांचं म्हणणं. बाई मला दोष देत नव्हत्या. कुणी लिहिलं हे त्यांना माहीतही नव्हतं.

मी स्टाफरूममध्ये गेले. सर एकटेच डबा खात होते. मी दारातूनच म्हणाले, “सर, ते मी लिहिलं. बाकीच्यांनी माझं पाहून लिहिलं.”

त्यांनी डब्याचं झाकण लावलं. “लिहिलं तेव्हा खरं वाटत होतं?”

“हो सर. आता नाही वाटत. मी प्राचार्यांना सांगते, माझा फॉर्म फाडून टाका म्हणून.”

“तो नका खोडू. तेव्हाचं तुमचं मत ते होतं. आताचं वेगळं असेल तर वेगळ्या कागदावर लिहा.” मग ते म्हणाले, “मला खरं वाईट वाटलं ते उरलेल्या सदतीस जणांचं. दोन वर्षं शिकवतोय, आणि त्यांना काय वाटतं ते मला अजून माहीत नाही.”

मी वर्गात जाऊन सांगितलं की प्रत्येकाने आपापलं लिहायचं, माझं मिळणार नाही. पहिल्यांदा कुणाला खरंच वाटेना. “काहून बा, तुह्या हाताले काय झालं?” मागून एकीने विचारलं. मी झाली ती सगळी गोष्ट सांगितली. सरांच्या तासिका जाऊ शकतात म्हटल्यावर काहींनी पेन काढले. काहींनी सरळ नकार दिला. परीक्षा तोंडावर असताना नवीन भानगड नको, असं त्यांचं म्हणणं होतं. गॅरेजवाल्याच्या मुलाने मात्र वहीचं पान फाडलं आणि बराच वेळ पेन चावत बसला.

चार दिवसांत तेवीस कागद जमले. प्राचार्यांनी ते घेतले, पण आधीचे फॉर्म नोंदले गेलेत, हे फक्त मागे जोडता येतील, असं सांगितलं. देण्यापूर्वी मी ते सरांना दाखवले. नावं कुणीच घातली नव्हती, पण मला प्रत्येकाचं अक्षर ओळखू येत होतं.

सरांनी एकेक कागद सावकाश वाचला. ‘सरचा तास लंबा वाटते. पण मी फळ्यावर गेलतो त्याच्यानंतर मले इंजिनाचंही काहून काहून विचारावं वाटून राह्यलं, अब्बा वैतागले.’ आपलं ‘का?’ तिथे ‘काहून’ झालेलं वाचून ते हसले. ‘नोट्स पाहिजेत’ असं पाच-सहा जणांनी लिहिलं होतं. एकाने लिहिलं होतं की सर रागवत नाहीत म्हणून आम्ही अभ्यास करत नाही. मग एका कागदापाशी ते थांबले. तो माझ्या मागच्या बाकावरच्या मुलीचा होता. ती मुकुटबनकडच्या कोलामांच्या पोडावरून, म्हणजे वस्तीवरून, आली होती आणि वर्गात कधी बोलत नसे. तिने लिहिलं होतं, ‘सर गप्प बसतात तेव्हा सगळे माझ्याकडे पाहतात. मला येत असते पण तोंडातून निघत नाही. गणिताच्या दिवशी मी जेवून येत नाही.’

सरांनी तो कागद पुन्हा वाचला. माझी गणिताची गोडी ज्या शांततेतून आली होती, त्याच शांततेत कुणी उपाशी बसत होतं, आणि ती माझ्या पाठीमागेच बसत होती. तिने फेब्रुवारीत माझ्या चार ओळी नीट उतरवून घेतल्या होत्या. त्यात हे कुठे मावणार होतं?

“हे मला आधी कळायला हवं होतं,” सर म्हणाले. त्यांनी त्या मजकुराची आपल्या वहीत नक्कल करून घेतली आणि मूळ कागद गठ्ठ्यात परत ठेवला. उरलेल्या पंधरवड्यात त्यांनी तिला एकदाही फळ्यापाशी बोलवलं नाही. बाकीच्यांना गणित सोडवायला देऊन ते तिच्या बाकाशेजारी बसायचे आणि हळू आवाजात काहीतरी विचारायचे. तिसऱ्या दिवशी ती बोलताना मला ऐकू आलं.

जुलैत नवीन यादी लागली. तिच्यात सर नव्हते. कार्यालयातल्या बाई म्हणाल्या, फॉर्ममुळेच असं नाही, तासिकाही कमी झाल्यात. त्या मला बरं वाटावं म्हणून बोलल्या की ते तसंच होतं, मला कळलं नाही.

मी सरांना फोन केला. त्यांना पांढरकवड्याच्या बाजूला एका कॉलेजात आठवड्याचे काही तास मिळाले होते. मी माफी मागायला लागले तर त्यांनी मध्येच विचारलं, नवीन सरांनी कुठून सुरुवात केली. मी सांगितलं. मग ते स्वतःच सांगू लागले, की तिकडे त्यांनी पहिल्याच आठवड्यात कोरे कागद वाटले होते, आणि पोरांनी ते लगेच पुढच्या बाकावरच्या हुशार मुलीकडे नेऊन ठेवले होते.

“मग?” मी विचारलं.

“मग काय. परत वाटले,” सर म्हणाले. “तास आहे माझा आता. फोन ठेवतो.”

त्यांच्या तासिका माझ्यामुळे गेल्या का, हे मी त्यांना तेव्हाही विचारलं नाही आणि पुढेही नाही. त्यांनी आपणहून कधी सांगितलं नाही.