काळ्या खिडकीतलं कुलूप

दुपारचे चार. यवतमाळ, आमच्या दैनिकाचं जिल्हा कार्यालय, पहिला मजला. लोहाऱ्याच्या एमआयडीसीत काम करणारी एक बाई माझ्यासमोर बसली होती. कारखान्यात टाकी साफ करताना दोन कामगार वायूने बेशुद्ध पडले. व्यवस्थापनाने त्याला 'उन्हाचा त्रास' ठरवलं. तिने सगळं डोळ्यांनी पाहिलं होतं.

"छापा मॅडम," ती म्हणाली, "पण माहं नाव कोणाले समजलं, तर मले उद्याच काढतीन."

त्या एका नावासाठी मी कार्यालयात मजकूर कुलूपबंद करायची पद्धत आणली. तेव्हापासून किस्से रद्दीसारखे साचले आहेत. रद्दी निदान कोणी उचलून नेतो!

---

जीपीजी नावाचं फुकटचं टूल आहे. त्यात बटणं नाहीत, चित्रं नाहीत. काळ्या खिडकीत एका ओळीची कमांड टाइप करायची, पासवर्ड द्यायचा, की मजकुराची ओळखू न येणारी अक्षरं होतात. पासवर्डशिवाय ती ब्रह्मदेवालाही वाचता येत नाहीत.

पासवर्ड टाइप करताना पडद्यावर काहीच उमटत नाही. कोणी मागून पाहू नये, म्हणून. आमचे संपादकसाहेब पहिल्या दिवशी बराच वेळ बटणं बडवत होते. शेवटी ओरडले, "अरे, हा कीबोर्ड मेला काय?"

दुसरा कीबोर्ड जोडला. मग तिसरा. मी सांगितलं, "साहेब, दिसत नाही, पण जातंय."

"दिसत नाही त्याच्यावर मी विश्वास कसा ठेवू?"

हे गृहस्थ दर गुरुवारी अध्यात्माची पुरवणी काढतात!

---

साहेबांनी सरावासाठी स्वतःचा अग्रलेख कुलूपबंद केला आणि माझ्या सांगण्यावरून मूळ प्रत पुसली. पासवर्ड ठेवला, 'काहून', म्हणजे 'का'. म्हणाले, "अस्सल वऱ्हाडी! बाहेरच्याला सुचणारच नाही."

संध्याकाळी उघडायला गेले तर अडले. इंग्रजी अक्षरांत 'काहून' लिहिताना 'ए' एक की दोन? 'यू' की डबल 'ओ'? सगळं करून पाहिलं. फाइल हलली नाही.

नाइलाजाने गेल्या वर्षीचा एक अग्रलेख पुन्हा छापला. दुसऱ्या दिवशी एकाही वाचकाचा फोन आला नाही!

---

दिग्रसचे आमचे वार्ताहर प्रकाशभाऊ फार हौशी. त्यांना फोनवर शिकवलं. दुसऱ्याच दिवशी जिनिंगवाल्यांची एक गुप्त बातमी त्यांनी व्यवस्थित कुलूपबंद करून पाठवली. मी खूश झाले. मग पाहिलं, फाइल जिल्ह्यातल्या सगळ्या वार्ताहरांच्या ग्रुपवर होती. खाली पासवर्ड. त्याखाली सूचना, "मॅडम, हा कोणाले सांगू नोका."

मी फोन केला. "भाऊ, काहून असं केलं?"

"मंग तुमी उघडसान कशी?"

पुसदच्या वार्ताहराने तोवर ग्रुपवर शाबासकीचा अंगठा टाकला होता.

---

आणखी एक गोष्ट लोकांच्या ध्यानात येत नाही. हे टूल कुलूपबंद प्रत वेगळी बनवतं. मूळ फाइल तिथेच राहते. ती आपणच पुसायची. अग्रलेख अडकल्यापासून साहेब ती पुसेनात. एकदा त्यांनी मोठ्या ऐटीत मला त्यांचा संगणक दाखवला. कुलूपबंद फाइल होती. शेजारी मूळ फाइलही होती, त्याच नावाची, उघडी.

मी म्हटलं, "साहेब, दाराला कुलूप आणि सामान ओट्यावर?"

---

माहिती देणाऱ्याचं नाव न छापता बातमी दिली, तर ते नाव संपादकांना ठाऊक हवं, हा आमच्याकडचा नियम. म्हणून बाईची मुलाखत नावासकट कुलूपबंद करून मी साहेबांना मेल केली; पासवर्ड नंतर समक्ष सांगणार होते. त्यांना वाटलं, बातमीच आहे. त्यांनी न उघडता ती पान लावायला विलासभाऊंकडे ढकलली.

जुन्या मराठी फाँटचा मजकूर नव्या संगणकावर असाच खिचडी दिसतो. विलासभाऊंची उभी हयात ती खिचडी निवडण्यात गेली आहे. त्यांनी एकामागून एक फाँट लावले, कन्व्हर्टर चालवला. मग माझ्याकडे आले.

"मॅडम, कोणता फाँट वापरला बावा तुमी? एकाच्यात थोडं जमून राह्यलं. हे पाहा, 'ळक्षध' आलतं. मी त्याचं 'लक्ष द्या' केलं."

पान तोवर लागलं होतं. दीड कॉलम खिचडी, वर मथळा 'लोहारा वार्ता'. प्रूफरीडरने दोन ठिकाणी वेलांटी सुधारली होती!

पान थांबवलं. नाव मात्र कोणालाही वाचता आलेलं नव्हतं.

---

साहेब वैतागले. "ती काळी खिडकी राहू द्या. आत या अन् नाव तोंडी सांगा." मी केबिनमध्ये गेले, दार लावलं, नाव सांगितलं. ते म्हणाले, "बातमी उद्या घेऊ."

दुसऱ्या दिवशी बातमी लागली नाही. सकाळी बाईचा फोन आला.

"मॅडम, गेटवर नाव घेऊन थांबवलं मले. मॅनेजर म्हणे, टाकीची गोष्ट पेपरवाल्याइले सांगाले तुले बरा टाइम भेटते."

मी तडक साहेबांकडे गेले. "नाव बाहेर कसं गेलं?"

"तुमचं ते टूल तपासा."

तपासलं. फाइल बंद होती. मूळ प्रत मी तेव्हाच पुसली होती. पासवर्ड मी कोणाला दिलेला नव्हता, साहेबांनाही नाही.

साप्ताहिक बैठकीत मी तोच प्रश्न सगळ्यांदेखत विचारला. साहेब म्हणाले, "पुढचा विषय घ्या."

नाव मी तोंडाने एकदाच उच्चारलं आहे. केबिनमध्ये तेव्हा आम्ही दोघंच होतो.