कॉम्प्युटर तापायचा आणि मी गप्प बसायची

आमच्या घरी कॉम्प्युटर आला तेव्हा नागापूरच्या आमच्या गल्लीत दुसऱ्या कुणाकडे नव्हता. माझे मालक तिथंच एका कारखान्यात टर्नर होते. कारखान्याच्या ऑफिसनं जुनी यंत्रं काढली, त्यातलं एक त्यांनी बहिणीसाठी आणलं. ती माझी धाकटी नणंद. बारावी झालेली, शहरात कॉम्प्युटरच्या क्लासला जायची. मी चौथी शिकलेले. धूळ पुसायची आणि लांब राहायचं, एवढाच माझा त्या यंत्राशी संबंध.

नणंद आधी क्लासचा सराव करायची, मग गाड्यांच्या शर्यतीचा गेम खेळायची. वळण आलं की स्वतःही खुर्चीवर वाकायची. मला ते बघायला आवडायचं, पण तसं मी कधी म्हटलं नाही.

दसरा झाला आणि यंत्र बंद पडायला लागलं. गाडी पळत असायची आणि एकदम पडदा काळा. थोड्या वेळानं बटण दाबलं की सुरू व्हायचं, परत काळं. नणंद म्हणायची, "वहिनी, जरा हात लावून बघा." लेकराचा ताप बघावा तसा मी डब्यावर तळहात ठेवायची. मागची बाजू चटका बसेल इतकी गरम असायची.

मालक म्हणाले, लाईट कमी-जास्त होते. कुणाचा तरी स्टॅबिलायझर आणून लावला. मग टेबल खिडकीपासून हलवलं. मग घरातला एकुलता एक टेबलफॅन यंत्रासमोर ठेवला. ऑक्टोबरच्या उन्हाळ्यात वारा यंत्राला आणि आम्ही सगळे घामाघूम. तरी ते बंद पडतच होतं.

सासऱ्यांना सगळे आप्पा म्हणायचे. ते एका मंगळवारी जेवताना म्हणाले, "ही दिवसभर गाडी पळवती, मग तापंल न्हाई तर काय? ल्हिताना कदी बंद पडलंय का? यंत्राला बी कळतंय, शिकायला आनलंय का खेळायला."

"आप्पा, आत खरी गाडी नाहीये!" नणंद म्हणाली.

"मग तापतंय काय?"

आप्पांनी सांगून टाकलं, रविवारी टेम्पो येईल, यंत्र परत जाईल. क्लास बंद. दिवाळी झाली की स्थळं बघायची. नणंद ताटावरून उठली.

दुसऱ्या दिवशी, बुधवारी, ती एक अर्ज टाईप करत होती. तो तसाच ठेवून न्हायला गेली. मी तिथंच लसूण सोलत बसले होते. गेम लावलेला नव्हता, कुणी बटणाला हात लावला नव्हता. आणि पडदा काळा झाला.

मी घाबरले. आधी वाटलं, माझ्या बघण्यानं तर झालं नसेल? मग वाटलं, हे आप्पांना सांगितलं पाहिजे. पण आप्पांशी माझं बोलणं म्हणजे 'पान वाढलंय' आणि 'चहा ठेवलाय', तेही पदर सावरून. यंत्राबद्दल मी काय सांगणार? नणंदेला सांगितलं तर ती लगेच आप्पांपुढं मला उभी करील. ती न्हाऊन आली, तेव्हा म्हटलं, "बंद पडलं वाटतं." ती म्हणाली, "लाईट गेली असेल." मी बरं म्हटलं. लाईट गेली नव्हती.

रविवारी सकाळी मालक कारखान्यातल्या एका ओळखीच्या मेकॅनिकला घेऊन आले. टेम्पो यायच्या आधी एकदा बघू म्हणाले. त्यानं स्क्रू काढले, डब्यातला एक छोटा डबा बाहेर घेतला, तोही उघडला आणि हसायला लागला. आतल्या पंख्याच्या मध्यभागी दोरा गच्च गुंडाळला होता. त्यात झेंडूच्या वाळलेल्या पाकळ्या.

"गरम हवा भायेर टाकनारा पंखाच जाम झालाय," तो म्हणाला. "लई तापलं की हे आपोआप बंद पडतं. याला हार कुनी घातला?"

आप्पा नणंदेकडं बघून म्हणाले, "घ्या. खेळता खेळता काय काय खुपसती ही."

"मी नाही, आप्पा!" तिचे डोळे भरले.

हार मी घातला होता. खंडेनवमीला आप्पांनी आणि मालकांनी नटबोल्टचे पाने, हातोडी, पक्कड अशी हत्यारं पुजली, तेव्हा मालकांनी मला कॉम्प्युटरलाही हळदकुंकू वाहायला सांगितलं. हार घसरत होता, म्हणून मी दोऱ्याची टोकं मागच्या भोकांत खुपसली. दुसऱ्या दिवशी काढताना दोरा तुटला, थोडा आत राहिला. त्यानंतर यंत्राची घरघर कमी झाली होती. मला वाटलं होतं, पूजेनं शांत झालं.

"आप्पा, हार मी घातला हुता," मी म्हटलं. माझाच आवाज मला परका वाटला. "आन् बुधवारी ताई न्हायला गेल्त्या, तवा बी बंद पडलं. गेम लावलाच नव्हता."

आप्पा मेकॅनिककडं वळले. "पूजेनं यंत्र बिघडतं व्हय?"

"पूजेनं न्हाई, आप्पा. दोऱ्यानं."

"दोरा पूजेचाच ना?"

मेकॅनिकनं दोरा कापून काढला, पंख्यात तेलाचे दोन थेंब सोडले. यंत्र लावलं. नणंद शर्यत सुरू करून बसली आणि आप्पा तिच्या मागं उभे राहून बघत राहिले. एक शर्यत झाली, दुसरी झाली, तिसरी झाली. दारात टेम्पो आला. "काय भरायचं?" टेम्पोवाल्यानं विचारलं. आप्पा म्हणाले, "काय न्हाई. च्या घे आन् जा." क्लासचं ते काहीच बोलले नाहीत. सोमवारी नणंद वह्या घेऊन निघाली, त्यांनी अडवलं नाही.

मला वाटलं होतं ती खूश होईल. तिनं दोन दिवस माझ्याशी बोलणं टाकलं. तिसऱ्या दिवशी भांडी पुसताना म्हणाली, "वहिनी, चार दिवस मी रडत होते. तुम्हाला बुधवारीच माहीत होतं."

"दोऱ्याचं नव्हतं माहीत," मी म्हटलं.

"गेमचं तर होतं."

होतं. माझी चूक झाली हे मला सगळ्यांसमोर सांगता आलं. मला एक गोष्ट कळलीय, हे मात्र बुधवारी सांगता आलं नाही. असं का, हे मी तेव्हा तिला सांगू शकले नाही. आज लिहितानाही मला ते नीट उमगत नाही.