बादली ठेवा

दिनूभाऊजी गेल्याचा फोन आला तेव्हा मी मटार सोलत होते, आणि माझ्या तोंडून पहिला शब्द निघाला तो, "सुटले!" फोनवर मेगन होती, भाऊजींची बायको. ती कार्डिफची, वेल्श. लग्नाच्या बावीस वर्षांत तिने मराठीतले फक्त कामाचे शब्द उचलले, आणि हा त्यांतला नव्हता. पण समोर बसलेल्या माझ्या नातीने, सईने, तो ऐकला आणि संध्याकाळी भेटायला आलेल्या बायकांना सांगितलाही. सगळ्यांनी माना हलवल्या. "खरंय हो, सुटले बिचारे. फार सोसलं शेवटी." वर्षभराचा आजार, शेवटचे तीन आठवडे हॉस्पिसमध्ये... कोणीही तेच म्हणेल. मी काही दुरुस्ती केली नाही. मराठी भाषेचे माझ्यावर पुष्कळ उपकार आहेत, त्यातला हा ताजा. मोठ्या माणसाबद्दल आदराने 'सुटले' म्हणा, नाहीतर एखाद्या बाईने स्वतःबद्दल 'सुटले' म्हणावं, क्रियापद तेच. आता सहा आठवडे झालेत, तर सांगूनच टाकते. मी माझ्याबद्दल बोलत होते.

पंचेचाळीस वर्षांपूर्वी मी लग्न होऊन कॉव्हेंट्रीत आले, तेव्हा स्वतःला भलतीच हुशार समजत असे. पुण्याहून रसायनशास्त्रात पहिल्या वर्गात पदवी, कमरेपर्यंत वेणी, आणि जगातल्या प्रत्येक गोष्टीबद्दल तयार मत. ती मुलगी आज भेटली तर आधी तिला एक चापट देईन आणि मग बसवून चहा पाजीन. दिनूभाऊजी, म्हणजे माझे धाकटे दीर, तेव्हा वीस वर्षांचे. ड्राफ्ट्समनचा कोर्स करायला आले होते आणि आमच्या बॉक्स रूममध्ये राहत होते. बॉक्स रूम म्हणजे जिन्याच्या माथ्यावरची अशी खोली, की पलंग ठेवला की दार अर्धंच उघडतं. त्या खोलीत बसून ते भुतं काढायचे. कॉलेजातून रद्दीत निघालेल्या नकाशांच्या कोऱ्या बाजूला, काळ्या शाईने. केस सोडलेल्या बाया, विहिरीतून वर आलेले हात, आणि दात... दातांची त्यांना फार हौस. पलंगाखाली गठ्ठा आणि भिंतीवर निवडक चार-पाच. आमच्या ह्यांना त्याचं काही नव्हतं. ते म्हणायचे, "सिगरेट ओढण्यापेक्षा बरं."

मला सातवा महिना लागला आणि सासूबाईंनी साताऱ्याहून एक कॅलेंडर पाठवलं. त्यावर गुटगुटीत, गालाला खळी पडलेलं बाळ. 'रोज सकाळी उठल्याबरोबर ह्याच्याकडे बघत जा' असं पत्रात लिहिलेलं. मी विज्ञानाची पदवीधर, तेव्हा अर्थातच हसले. आणि अर्थातच ते पलंगासमोर टांगलं. पण बाथरूम खालच्या मजल्यावर, तिथे जाताना वाटेत बॉक्स रूमचं दार लागे, आणि दारातून समोरच ती दातवाली. सातव्या महिन्यात बाथरूमला किती वेळा जावं लागतं ते वाचक भगिनींना मी काय सांगू! बाळ दिवसातून एकदा आणि भूत पंधरा वेळा. मग पोर जाईल कोणावर? असं माझं शास्त्रीय गणित.

एका गुरुवारी घरातले दोघेही पुरुष बाहेर पडल्यावर मी सगळा गठ्ठा उचलला, भिंतीवरचीही चित्रं उतरवली, आणि कौन्सिलची कचऱ्याची गाडी यायच्या आत बाहेर नेऊन ठेवली. गाडी आली, भुतं गेली. हुश्श केलं. मग लक्षात आलं, संध्याकाळी सांगायचं काय? आमच्या माळ्यावर पाण्याची टाकी होती. टाकी गळली, चित्रांचा लगदा झाला, फेकून द्यावा लागला... झकास. पुरावा म्हणून मी खालून बादली भरली, जिना चढून वर आणली आणि बॉक्स रूमच्या कार्पेटवर उपडी केली. पहिला वर्ग उगाच नाही मिळत.

संध्याकाळी भाऊजी आले. दारात उभे राहिले, आणि मी टाकी गळल्याचं एका दमात सांगून टाकलं. एकदा वर बघितलं, एकदा खाली बघितलं, एकदा माझ्याकडे. मग म्हणाले, "वहिनी, तुम्ही वाकू नका." आणि टॉवेल घेऊन गुडघ्यांवर बसले आणि मी ओतलेलं पाणी टिपायला लागले. मी पोटावर हात ठेवून मागे उभी, "अहो, राहू द्या हो भाऊजी" म्हणत. चित्रांबद्दल त्यांनी एक शब्द विचारला नाही.

पण त्या घरात त्यांनी पुन्हा भूत काढलं नाही. पुढे मोटारींच्या कारखान्यात लागले आणि वीस वर्षं दरवाज्यांच्या बिजागऱ्यांचे नकाशे काढत बसले. कोणी म्हणालं, "दिनूचा हात काय सुंदर आहे, चित्रकार व्हायचा," की मी उठून स्वयंपाकघरात जाई. त्यांना सांगून टाकायला मी दोनदा तोंड उघडलं होतं. एकदा त्यांच्या लग्नात, पण तेवढ्यात मेगनच्या मामांनी गायला सुरुवात केली, आणि वेल्श माणूस गायला लागला की मध्ये बोलायची सोय नसते. दुसऱ्यांदा आमचे हे गेले तेव्हा, पण तेव्हा भाऊजीच माझा हात धरून बसले होते. त्या हाताला मी काय सांगणार? मग मनाशी म्हणायची, पुढच्या वेळी. आणि पुढची वेळ यायच्या आधी कार्डिफहून 'तो' फोन आला तर? ह्या एका भीतीपुढे कुठलीही हडळ फिकी.

कारखाना बंद पडला तेव्हा भाऊजी चाळिशीत होते. संध्याकाळचे वर्ग करून ते कार्डिफच्या एका छोट्या ॲनिमेशन स्टुडिओत शिरले. तिथे आधी पुष्कळ वर्षं लहान मुलांसाठी हसरे ट्रॅक्टर आणि शिंकणारी मेंढरं काढली. आणि मग चारेक वर्षांपूर्वी स्टुडिओकडे एका जपानी भयकथेचं काम आलं. मांगा म्हणतात तिला, म्हणजे चित्रांच्या चौकटींतून सांगितलेली गोष्ट. हिचे पाच जाडजूड खंड. समुद्राकाठचं एक गाव, तिथे घराघरांत भिंतींना ओल येते आणि ओलीच्या डागांतून चेहरे उमटतात. त्याची टीव्हीसाठी मालिका करायची होती आणि चित्रांचे प्रमुख भाऊजी. मला फोन आला, "वहिनी, तुम्हाला नोकरी लागली. घाबरायची. तुम्ही घाबरलात तर सीन पास."

पहिला खंड त्यांनी मला पोस्टाने पाठवला. मी दोन दिवसांत वाचला आणि फोन केला, "छान आहे हो! मुलगी भिंतीतून बाहेर येते, हळूहळू माणसांत येते, शेवटी आईकडे घरी जाते आणि आई तिचे केस पुसते. मला तर भरून आलं. ह्यात घाबरायचं काय?" मग इथेच जन्मलेल्या सईने माझ्या हातातून पुस्तक घेतलं आणि किंचाळली, "आजी! तू चुकीचा बाजूने वाचली! हा पुस्तक उलटा असते, राइट टू लेफ्ट!" मी शेवटच्या पानापासून पहिल्याकडे आले होते. भाऊजी फोनवर इतके हसले की मेगन धावत आली. त्यानंतर स्टुडिओतल्या पोरापोरींत 'वहिनी वे' असा शब्दच रुळला. एखादा प्रसंग जमेना की म्हणायचे, जरा वहिनी वेने बघू या.

महिन्यातून एकदा मी बर्मिंगहॅमला ट्रेन बदलून कार्डिफला जायची आणि त्यांच्या टेबलाशी बसून घाबरायची. आम्ही दोघं म्हातारे शेंगदाण्याचे लाडू खात भुतांबद्दल बोलायचो. ते म्हणाले होते, "पुस्तकात भीती पान उलटण्यात असते, वहिनी. वाचणारा आपल्या हाताने पान उलटतो, म्हणजे भुताला दार तोच उघडतो. टीव्हीवर दार कोण उघडणार?" पोरांना वाटे, भूत धावलं पाहिजे, ओरडलं पाहिजे. भाऊजी सगळं कमी करत जायचे. इतकं, की चौकट नुसती स्थिर आणि भिंतीवरचा डाग मघापेक्षा किंचित मोठा. मूळ लेखिकेकडून जपानहून निरोप यायचे, 'केस अजून ओले हवेत.' भाऊजी म्हणायचे, "ह्या बाईंना टॉवेल पाठवा कोणीतरी."

शेवटचा भाग बाकी होता तेव्हा आजार कळला. काम त्यांनी अंथरुणात बसून चालू ठेवलं. ह्या वसंतात मी गेले ती दुपारची वेळ, खिडकीत मेगनचे डॅफोडिल, मांडीवर लॅपटॉप. "बसा वहिनी. शेवटच्या भागाचा कच्चा खर्डा आहे, नुसती पेन्सिलीची चित्रं एकामागून एक लावलीत." मी लाडू हातात घेऊन बसले. गावातलं एक घर. वरची छोटी खोली. एक बाई जिना चढून येते, पोटुशी, हातात बादली. खोलीच्या मध्यभागी उभी राहते आणि शांतपणे बादली जमिनीवर ओतते. मग चित्र सावकाश वर जातं, आणि छत दिसतं. पांढरं, कोरडं ठणठणीत. तिथेच थांबतं. बास.

लाडू माझ्या हातातच राहिला. "हे... पुस्तकात आहे?"

"नाही. पुस्तकात ती शेजारीण दोनच चौकटींत आहे. मला दोन मिनिटं भरायची होती." त्यांनी लॅपटॉप मिटला. "स्टुडिओतली पोरं म्हणतात अख्ख्या मालिकेत हाच सीन सगळ्यात भयानक आहे. का ते त्यांना सांगता येत नाही."

"भाऊजी, तुम्हाला कधीपासून..."

"त्याच दिवशी. छत कोरडं होतं, वहिनी. टाकी माळ्यावर, पाणी कार्पेटवर आणि मधलं छत कोरडं! रसायनशास्त्र काय शिकवतं कोण जाणे."

मला रडू आलं की हसू, आठवत नाही. दोन्ही असावं, कारण मेगन दारात येऊन परत गेली. मी म्हटलं, "मग बोलला का नाहीत? पंचेचाळीस वर्षं!"

"तेव्हा बोलायची स्थितीच नव्हती. सातवा महिना, आणि तुम्ही एवढी भरलेली बादली जिना चढवून आणलीत. मला तुमचा पाय घसरलेला दिसत होता, घसरला नव्हता तरी. आयुष्यात खरा घाबरलो तो तेव्हा. बाकी सगळी भुतं म्हणजे त्याची कॉपी." मग जरा दम घेऊन म्हणाले, "नंतर वाट बघत होतो, तुम्ही सांगाल म्हणून. पण डॉक्टरांनी माझं टाइमटेबल दिलं, तेव्हा म्हटलं, वहिनींना थोडी मदत करावी."

मी अखेर विचारलंच, "माझ्यामुळे सुटलं ना हो तुमचं चित्र?"

"छे हो. ती चित्रं भिकार होती. मला हात काढता येत नव्हते म्हणून सगळ्या भुतांना लांब बाह्या. तुम्ही फेकलीत ते बरं झालं, नाहीतर मलाच एखाद्या दिवशी फेकावी लागली असती."

खरं बोलत होते की नाही, देव जाणे. मी खरं धरून चालले आहे. त्या दुपारी येताना मी चुकीच्या ट्रेनमध्ये बसले आणि मला त्याचं काही वाटलं नाही. खांद्यावरून पाण्याने भरलेलं काहीतरी उतरलं होतं.

तो प्रसंग मूळ लेखिकेला पसंत पडायला हवा होता, नाहीतर काढावा लागला असता. भाऊजी हॉस्पिसमध्ये गेले त्या आठवड्यात फोनवर त्यांचा मेसेज आला, "जपानहून उत्तर. फक्त दोन शब्द. बादली ठेवा." मी उत्तर पाठवलं, "मी तेव्हाच ठेवायला हवी होती." त्यांचं हसणारं तोंड आलं. तो आमचा शेवटचा संवाद.

महिनाभरापूर्वी कार्डिफहून पार्सल आलं. त्या प्रसंगाची सगळी मूळ चित्रं, पेन्सिलीची, नाडीने बांधलेला गठ्ठा. सोबत मेगनची चिठ्ठी. भाऊजींनी तिला सांगून ठेवलं होतं की हे वहिनींना द्यायचं, पण त्यांच्याकडे कचऱ्याची गाडी कुठल्या वारी येते ते आधी विचारून घे. बिचारीने चिठ्ठीत खरंच विचारलं होतं, इज इट स्टिल थर्सडे? तिला वाटलं, पार्सल चुकून गाडीत जाईल म्हणून ही काळजी.

गाडी अजून गुरुवारीच येते. गठ्ठा मी बॉक्स रूममध्ये ठेवला आहे, पलंगाखाली, त्याच जागी. सई आली की आम्ही तो काढून बघतो, वहिनी वेने, शेवटच्या चित्राकडून पहिल्याकडे. कार्पेटवरचं पाणी उठून बादलीत जातं, बाई भरली बादली घेऊन पाठमोऱ्या पावलांनी एकेक पायरी सांभाळून जिना उतरते, आणि खोली होती तशी होते. परवा सईने विचारलं, "आजी, त्या दिवशी कोण सुटले? तू, की दिनूआजोबा?" मी म्हटलं, "मराठी नीट शीक, म्हणजे कळेल की कळत नाही."

आज गुरुवार. गाडीचा आवाज आला तशी मी जिना चढून वर गेले. हल्ली दर गुरुवारी जाते. दारात उभी राहिले, एकदा वर बघितलं, एकदा खाली बघितलं. छत कोरडं होतं. जमीनही कोरडी होती.